कामाचा दोर: घ्यावा कसा, वापरावा कसा, तपासावा कसा

बचाव पथकाच्या खोलीत दोन प्रकारचे दोर असतात. एक जिवाचा. त्याच्यावर माणूस दरीत उतरतो, स्ट्रेचर वर येतं. दुसरा कामाचा. हत्यारं वर ओढायला, तोडलेल्या फांद्या बाजूला घ्यायला, ताडपत्री ताणायला, शिडी बांधायला, बघ्यांची गर्दी अडवायला तो लागतो. जिवाच्या दोराला वेगळी पिशवी असते, वेगळी वही असते, त्याच्यावर कुणी पाय दिला तर चार जण ओरडतात. कामाचा दोर मात्र गाडीत जॅकच्या शेजारी ओला तसाच पडून राहतो. माझ्या मते जास्त लक्ष ह्या दुसऱ्याकडे द्यायला हवं, कारण मार त्यालाच रोज बसतो आणि बघत मात्र त्याच्याकडे कुणीच नाही.

महाडच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि आमच्या भागातल्या पथकाचं सामान मी सांभाळते. किलोवर विकला जाणारा नवा दोर आणि चिखलातून परत आलेला जुना दोर, दोन्ही माझ्या हाताखालून जातात. इथे मी फक्त कामाच्या दोराबद्दल सांगते आहे. जिवाचा दोर लेख वाचून शिकायचा नसतो, तो प्रशिक्षकासमोर उभं राहूनच शिकायचा.

ह्या दोरावर माणूस नाही

हा नियम आधी, बाकीचं सगळं नंतर. कामाच्या दोरावर माणूस उतरवायचा नाही, चढवायचा नाही, कमरेला बांधून उभाही करायचा नाही. "दोन मिनिटांचं तर काम आहे", "पोरगा हलका आहे", "दोर चांगला जाड आहे" ही तिन्ही वाक्यं प्रसंगाच्या जागी ऐकू येतात. ती ऐकू आली की दोर हातातून काढून घ्यायचा.

जाडी बघून फसू नये. जिवाच्या कामासाठी बनणारा स्थिर, म्हणजे कमी ताणला जाणारा दोर युरोपीय मानक ईएन १८९१ मधल्या ए प्रकारचा असेल तर त्याने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २२०० किलो ताण सहन केलाच पाहिजे. आत अखंड धाग्यांचा गाभा असतो, वर विणलेलं आवरण असतं, आणि कोणत्या मानकाचा, कोणत्या वर्षी बनलेला हे त्याच्यावर लिहिलेलं असतं. बाजारातल्या दोरावर ह्यातलं काहीच नसतं. तो सावकाश ओढला तर भरपूर वजन घेईलही, पण कड्याच्या धारेवर, अचानक बसलेल्या झटक्याला किंवा घासून तापल्यावर तो काय करेल हे कुणी तपासलेलं नसतं.

म्हणून दोघांची सरमिसळ होऊच नये अशी व्यवस्था हवी. आमच्याकडे कामाच्या प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना हातभर काळी चिकटपट्टी असते आणि अगदी टोकाशी एकामागोमाग दोन गाठी. पट्टी दिवसा दिसते, गाठी रात्रीच्या पावसात हाताला लागतात. पिशव्याही वेगळ्या, कपाटंही वेगळी. मार्करने थेट दोरावर लिहू नका. काही शाईंमधलं रसायन धाग्याला चालत नाही. क्रमांक पट्टीवरच लिहावा.

जिवाचा दोर निवृत्त झाला की तो कामाला लावावा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. लावता येतो, पण आधी त्याचे दहा मीटरपेक्षा कमी लांबीचे तुकडे करा आणि मूळ लेबल कापून टाका. अखंड ठेवलात तर दोन वर्षांनी एखादा नवा मुलगा तोच दोर घेऊन कड्यावर जाईल आणि त्यात त्याची चूक नसेल.

घेताना

बाजारात प्लास्टिकच्या प्रत्येक दोराला नायलॉन म्हणतात. गिऱ्हाईक तेच मागतं, दुकानदार तेच देतो. खरं काय आहे ते बघायला बादलीभर पाणी पुरतं. वीतभर तुकडा पाण्यात दाबून आतली हवा काढा आणि सोडा. तरंगला तर तो पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीइथिलीन. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर.

हा फरक कामाच्या वेळी जाणवतो. पॉलीप्रॉपिलीन स्वस्त, हलका, पाण्यावर तरंगणारा, त्यामुळे पुरात उपयोगी. पण तो साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतो. लोखंडी कठड्यावरून किंवा दुसऱ्या दोरावरून जोरात धावला तर घर्षणानेच त्याचा पृष्ठभाग चकाकायला लागतो. उन्हातही तो लवकर मरतो. मांडवाला वर्षभर बांधलेला निळा दोर हाताला पांढरी भुकटी लावतो, ते हेच. नायलॉन मजबूत आणि ताणला जाणारा, झटका पचवणारा, पण पाणी पितो आणि ओला झाला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. आम्ल त्याचा शत्रू, म्हणजे गाडीच्या बॅटरीतलं पाणी. पॉलिएस्टर कमी ताणला जातो, भिजल्यावरही ताकद टिकवतो आणि उन्हालाही बऱ्यापैकी पुरतो. सामान वर ओढायला मला तोच आवडतो, कारण ओझं रबरासारखं खालीवर होत नाही. त्याला तीव्र अल्कली चालत नाही, म्हणून कॉस्टिक सोड्यापासून लांब. सुंभ आणि काथ्याचे दोर मी पथकासाठी घेत नाही. कोकणातल्या हवेत ते आतून कुजतात आणि बाहेरून शाबूत दिसतात.

जाडी १० ते १२ मिलिमीटर असावी. त्याहून बारीक दोर ओल्या हातमोज्यात पकडता येत नाही आणि तळहात कापतो. सामान ओढायला ३० मीटर, बांधाबांधीला पंधरा-पंधरा मीटरचे तुकडे, पुरात फेकायला तरंगणारा वीस-पंचवीस मीटर, इतक्यावर छोट्या पथकाचं भागतं. तीन पदरी पिळाचा दोर बांधायला उत्तम, कारण पीळ उलगडून आत डोकावता येतं. पण त्याला ओझं लटकवलं की ते गरगर फिरतं. ओढायच्या कामाला विणीचा दोर घ्या.

दुकानदाराकडे तुटण्याच्या ताकदीचा कागद मागा. असला तर त्या आकड्याचा पाचवा हिस्सा हीच तुमची मर्यादा. पाचवा हिस्सा धरल्यामुळेच गाठ, ओल आणि जुनेपणा ह्यांना जागा राहते. नुसत्या गाठीनेच दोराची पाव ते निम्मी ताकद जाऊ शकते. कागद नसला तर माझा नियम सोपा आहे: एका माणसाला दोन हातांनी उचलता येईल तेवढंच वजन त्या दोराला, त्याहून जास्त नाही.

कापण्याआधी त्या जागी पट्टी गुंडाळा, मधोमध कापा, टोक ज्योतीवर वितळवून बंद करा. वितळलेलं टोक बोटांनी दाबू नका, कातडी सोलून निघते.

हत्यार वर चढवताना

२०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. यंत्र वर नेता येईना, खोदायचं साहित्य माणसांनी चढून नेलं. आपल्या डोंगरात हीच गत बहुतेक ठिकाणी असते आणि निसरड्या वाटेवर दोन्ही हात मोकळे हवे असतील तर हत्यार दोराने वर घ्यावं लागतं.

कुऱ्हाड अशी बांधा. पात्यालगत दांड्यावर क्लोव्ह हिच (दोन वेढ्यांची, ताणाने आवळणारी गाठ) घाला. मग दोर पात्याखालून वळसा घालून दांड्याच्या कडेकडेने वर आणा आणि दांड्याच्या टोकाजवळ हाफ हिच (एकाच वेढ्याची साधी अढी) टाका. पातं खाली, दांडा वर, असंच ओझं वर जातं. कुदळ आणि पहार ह्याच पद्धतीने. पंप, जनरेटर किंवा कटर ह्यांना बंद हँडल असतं, तिथे हँडलमधून दोर ओवून बोलाईन (ताणाने न आवळणारा फास) मारा. इंजिन बंद आणि थंड झालेलं असावं, पेट्रोलचं झाकण आवळलेलं असावं आणि चेनसॉच्या पात्यावर कव्हर असावं. रिकामा होज वर घेताना पुढची ब्रँच, म्हणजे पाणी फवारणारं तोंड, होजवरच उलटी दुमडा, होजला क्लोव्ह हिच आणि ब्रँचवर हाफ हिच, आणि वरचा माणूस स्थिर उभा राहीपर्यंत पाणी सोडू नका.

गाठीपाशी दोर संपवायचा नाही. उरलेलं टोक खाली सोडून ठेवायचं आणि खालच्या माणसाने ते बाजूला ताणून धरायचं. ओझं खडकावर आपटत नाही, खिडकीत अडकत नाही. हे टोक धरणारा ओझ्याच्या खाली नाही, बाजूला उभा राहतो. ओझ्याखाली कुणीच नाही, हेल्मेट घातलेलाही नाही.

दोर जिथे काठावरून वळतो तिथे जुन्या होजचा उभा चिरलेला तुकडा घाला आणि तो सरकू नये म्हणून वेगळ्या दोरीने बांधून टाका. हा तुकडा फुकट मिळतो आणि ह्याच्यामुळे दोराचं आयुष्य किती वाढतं ते मी दोन शेजारच्या दोरांवर बघितलं आहे.

हुकूम एकच माणूस देतो आणि शब्द आधी ठरलेले असतात: "ओढा", "थांबा", "हळूहळू खाली". "सोडा" हा शब्द आमच्याकडे बंद आहे. घाईत तो ऐकून कुणी खरंच सोडून देईल. हातमोजे चामड्याचे. दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळून ओढायचा नाही. ओझं निसटलं तर ते तुम्हाला घेऊन जाईल. ओझं धरून ठेवायला किंवा खाली घ्यायला ताकद कमी पडत असेल तर झाडाला दोन वेढे द्या आणि झाडाला वजन धरू द्या.

दोन गोष्टी ज्या डोळ्यांना दिसत नाहीत

एक म्हणजे कोन. ओझं दोन झाडांना बांधलेल्या दोन दोरांवर टांगलं की वाटतं, वजन निम्मं निम्मं झालं. दोन्ही दोर जवळजवळ समांतर असतील तरच तसं होतं. त्यांच्यातला कोन काटकोन झाला की प्रत्येकावर सुमारे ७० टक्के वजन येतं. कोन १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण वजन. त्याहून पसरला तर ओझ्यापेक्षाही जास्त. म्हणून दोन झाडांमध्ये ताणलेल्या आडव्या दोराला मधोमध काहीही टांगू नका, ताडपत्रीवर साठलेलं पाणीसुद्धा नाही. काटकोनाच्या आत राहा. तसंच, पुलीमधून दोर पूर्ण उलटा वळवला तर ती पुली जिथे बांधली आहे त्या जागेवर ओझ्याच्या जवळपास दुप्पट ताण येतो. फांदी निवडताना हे धरून चला.

दुसरी म्हणजे ताणात साठलेली शक्ती. चिखलात रुतलेली जीप कामाच्या दोराने ओढू नका. नायलॉन ताणला जातो, ताण साठवतो आणि तुटला की टोकाला असलेल्या हुकासकट परत येतो. त्याला वेग इतका असतो की समोर माणूस नसावाच. गाडीला विंच आणि त्याचा पट्टा. तोडलेल्या फांद्या हातांनी ओढायला कामाचा दोर ठीक आहे, पण तेव्हाही दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि दोरावरून ओलांडायचं नाही.

गाठी फार लागत नाहीत. क्लोव्ह हिच, बोलाईन, फिगर ऑफ एट (इंग्रजी आठाच्या आकाराची), जाडीत फरक असलेल्या दोन दोरांना शीट बेंड आणि खांबाला दोन वेढे देऊन दोन हाफ हिच. प्रत्येक गाठीमागे वीतभर शेपूट उरलं पाहिजे. सुरगाठ फक्त जिथे झटकन सोडवायचं आहे तिथे, ओझ्याला कधीच नाही.

पुरात

२०२१ च्या २२ जुलैला महाड पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. अशा दिवशी हाताला लागेल तो दोर बाहेर निघतो, म्हणून पुराचं थोडं सविस्तर सांगते.

वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याला दोर बांधू नका. काठावरची माणसं दोर ताणून धरतात, प्रवाह माणसाला खाली दाबतो, आणि त्याला वाचवायला बांधलेला दोरच त्याला पाण्याखाली धरून ठेवतो. झटका देऊन सुटणारा पट्टा असलेलं बचावाचं जॅकेट आणि त्याचं प्रशिक्षण असेल तरच तो विषय. कामाच्या दोराचा पुरातला उपयोग काठावरून फेकण्याचा. तरंगणारा दोर पिशवीत सैल कोंबून ठेवा, गुंडाळून नाही. गुंडाळी हवेत गुंतते, कोंबलेला दोर पिशवीतून सुरळीत निघतो. हाक मारून समोरच्याचं लक्ष वेधा आणि पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेका, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडेल. त्याने दोर छातीशी धरून खांद्यावरून घ्यावा, पाठीवर उताणं राहावं. हाताला गुंडाळू नको, अंगाला बांधू नको, हे ओरडून सांगा. झटका बसेल तेव्हा तुम्हीही पाय रोवून बसलेले असा. तो आपोआप झोका घेऊन तुमच्याच काठाला लागेल.

माणसांना धरायला म्हणून प्रवाहाला काटकोनात दोर ताणू नका. मधोमध झोळ पडतो आणि माणूस त्या झोळात अडकतो. आणि महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय पडलेल्या तारांच्या आसपास दोर टाकू नका. ओला, चिखलाने माखलेला दोर वीज वाहून नेतो.

पुरातून परत आलेला दोर माझ्याकडे आला की मी पहिला प्रश्न विचारते, कुठून आला? महाडला औद्योगिक वसाहत आहे, गॅरेजं आहेत, शेतीच्या औषधांची दुकानं आहेत. नुसतं गढूळ पाणी असेल तर धुऊन चालेल. डिझेल, आम्ल किंवा ओळखू न येणारं रसायन लागलं असेल तर दोर गेला. आम्लाने खाल्लेला नायलॉन वरून चांगला दिसू शकतो.

तपासणी हाताने करायची

वापरण्याआधी, वापरून झाल्यावर आणि महिन्यातून एकदा. पावसाळ्यात मी आठवड्याला करते.

दिवसाच्या उजेडात बसा, हातमोजे काढा, एका टोकापासून सुरुवात करा. डावा हात दोर पुढे सरकवतो, उजवा दाबून फिरवतो. एका वेळी हातभरच. ह्यात घाई करणारा माणूस मी ह्या कामाला बसवत नाही. बोटं काय सांगतात ते शिकावं लागतं. एखाद्या जागी दोर मऊ, पोकळ लागला तर आतला गाभा तुटलेला असू शकतो. कडक, काचेसारखा गुळगुळीत लागला तर तिथे तो वितळला आहे. चपटा झाला असेल तर दगडाखाली किंवा चाकाखाली दबला आहे. फुगवटा लागला तर आत धागे गोळा झालेत किंवा आवरण सरकलं आहे. दोर वाकवून कमान करा. कमान सगळीकडे सारखी गोल यायला हवी, मध्येच कोपरा पडला तर ती जागा मेली.

तीन पदरी दोराचा पीळ दर दोन-तीन हातांवर उलटा फिरवून उघडा. आत भुकटी, चिखलाची बारीक रेती किंवा तुटलेले केसासारखे धागे दिसले तर वरचं रूप विसरा. रेती आतून कापत राहते, म्हणूनच दोरावर पाय द्यायचा नाही. वरवर थोडी लव आलेली चालते. एखादा पदर अर्धवट तुटलेला चालत नाही. शेवटी वास घ्या. पेट्रोल, बॅटरी, कुबट बुरशी हे डोळ्यांआधी नाकाला कळतं.

आमच्या पथकात कुणीही, अगदी काल आलेली मुलगीसुद्धा, दोर बाद करू शकते. बाद झालेला दोर परत घ्यायचा अधिकार कुणालाच नाही, मलाही नाही. शंका आली म्हणजे पुरे, कारण सिद्ध करावं लागत नाही. नुसती एकच जागा खराब असेल तर तिथे कापून दोन छोटे दोर करा.

बाद दोर त्याच दिवशी हातभर लांबीचे तुकडे करून टाका. अख्खा टाकलात तर कुणीतरी उचलून नेतं आणि त्याचा मुलांसाठी झोपाळा बांधतं.

धुणं आणि ठेवणं

प्रत्येक कामानंतर आधी सगळ्या गाठी सोडा. गाठीत चिखल राहतो आणि दोराला कायमची मोड पडते. मोठ्या टबात साधं थंड पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. ब्लीच नाही, गरम पाणी नाही, दाबाच्या पाण्याचा फवारा नाही, कारण तो रेती आत ढकलतो. पाणी नितळ येईपर्यंत खळबळून घ्या. खाडीच्या पाण्यात गेला असेल तर जास्त वेळ.

उन्हात वाळवू नका. जुलैत कोकणात सावलीत वाळवणं म्हणजे पडवीत सैल वळसे टाकून पंखा लावणं, आणि दोन-तीन दिवस वाट बघणं. चुलीच्या वर टांगू नका. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नका.

ठेवायची जागा कोरडी, अंधारी आणि उंदरांना न पोचणारी. आम्ही झाकणाला बारीक भोकं पाडलेले पत्र्याचे डबे वापरतो. गाडीत बॅटरी आणि पेट्रोलच्या कॅनपासून वेगळा कप्पा. खिळ्याला टांगू नका, त्या एका जागी मोड पडते. रुंद लाकडी खुंटी लावा.

वही साधी असली तरी चालते. दोराचा क्रमांक, कशाचा आहे, जाडी, लांबी, कधी घेतला. मग प्रत्येक वापराची एक ओळ: तारीख, कशाला वापरला, कुठल्या पाण्यात गेला, झटका बसला का, कुणी तपासला. "ठीक" असं नुसतं लिहू देत नाही मी. "मधल्या भागात लव वाढली" असं लिहिलेलं असेल तर पुढच्या वेळी तिथे बोट थांबतं.

नवे दोर एप्रिलमध्ये घ्या. मे उजाडला की ताडपत्र्या आणि छपरं बांधायला सगळं कोकण दोर घ्यायला येतं, चांगली जाडी आधी संपते, आणि जूनमध्ये आमच्यासारख्या दुकानांत उरतो तो बारीक निळा. वहीतल्या लव वाढलेल्या दोरांची यादी मार्चअखेर काढून ठेवली की काय आणि किती घ्यायचं ते समोर दिसतं.